मुंबई ते न्यूयॉर्क: जाताना सहा तास आणि येताना चोवीस?

प्रश्न
माझे आईवडील जूनमध्ये मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जाणार आहेत. तिकिटावर सुटण्याची वेळ रात्री १.३० आणि पोहोचण्याची त्याच दिवशी सकाळी ७.३० आहे, परतीचे विमान सकाळी ११.३० ला सुटून दुसऱ्या दिवशी ११.३० ला मुंबईत उतरते. "जाताना सहा तास आणि येताना चोवीस, म्हणजे परतीचे विमान वाटेत मुक्काम करते की काय?" असे वडिलांनी विचारले. हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर असेल, तर खरा प्रवास किती तासांचा?

उत्तर १
तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते (हिवाळ्यात साडेदहा), म्हणून जातानाच्या सहा तासांत साडेनऊ मिळवावेत आणि येतानाच्या चोविसांतून तितकेच वजा करावेत. उत्तर अनुक्रमे साडेपंधरा आणि साडेचौदा तास येते. ताळा पाहायचा असल्यास दोन्हींची बेरीज करावी. ती आधीही तीस होती आणि नंतरही तीसच राहते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. पण अंतर तेच असताना एक तासाचा फरक का पडावा?

उत्तर २
वाऱ्यामुळे. विमाने ज्या उंचीवरून उडतात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना समोरून येतात. हा वारा इतका मोलाचा आहे की २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पश्चिमेऐवजी पूर्वेकडून, नेले, तेव्हा अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढूनही वेळ सुमारे दोन तासांनी वाचला. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणे आणि रांगेत थांबणेही धरलेले असते.

उत्तर ३
१२,५५० हा आकडा बृहद्वृत्तावरचा, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या वाटेचा आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते, पण घरी पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहा: तो उत्तरेकडे सरकून नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकावरून जातो. प्रत्यक्ष विमान मात्र या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. वारा, हवामान आणि बंद हवाई हद्दी पाहून रोजचा मार्ग ठरतो. २०१९ मध्ये पाकिस्तानची हद्द काही महिने बंद होती, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घालावा लागला होता. त्यामुळे अंतराला वेगाने भागून वेळ काढण्यापेक्षा वेळापत्रकावरच विसंबावे.

प्रश्नकर्ती
दोरा ताणून पाहिला. वडिलांचे समाधान झाले आहे. आईने मात्र मनगटावरचे घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवायचे ठरवले आहे.