नववीच्या वर्गात हंदाला : पुढे काय दाखवू?

चित्रकलाताई, पुणे
नववीच्या भित्तिपत्रकाला यंदा ‘शेजार’ हा विषय दिला होता. एका मुलीने पाठमोरा, अनवाणी, हात मागे बांधलेला मुलगा काढून आणला. मोबाइलवर दिसला म्हणाली, कोण ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, हा हंदाला, नाजी अल-अली या पॅलेस्टिनी व्यंगचित्रकाराचा. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन होतानाच्या युद्धात गाव सुटलं तेव्हा नाजी साधारण दहा वर्षांचे होते, म्हणून हंदालाही दहाचाच. परत जाईपर्यंत तो वाढणार नाही. त्याचा चेहरा कसा असेल, यावर वर्गात तासभर भांडण झालं!

एक पालक म्हणतात, चित्र उतरवा, शाळेत राजकारण नको. मी उतरवणार नाही. इस्रायली कलाकारांचंही दाखवायचं आहे, पण ‘एक यांचं, एक त्यांचं’ असं तोलून नको. दोन तासिका आहेत.

रेघोटी
ताई, चित्र राहू द्याच. आणि मुलांना हेही सांगा की नाजींनी अरब राज्यकर्ते आणि स्वतःचे पॅलेस्टिनी नेतेही सोडले नाहीत. जुलै १९८७ मध्ये लंडनला भर रस्त्यात त्यांना गोळी घातली, ऑगस्टअखेर ते गेले. खुनासाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

त्यांच्या शेजारी इस्रायली दिग्दर्शक आरी फोलमनचा ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ (२००८) हा चित्रपट ठेवा. फोलमन १९८२ च्या लेबनॉन युद्धात इस्रायली सैनिक होता. बैरूतच्या साब्रा-शातिला या वस्त्यांत लेबनीज मिलिशिया (सशस्त्र टोळी) पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल करत होती, तेव्हा बाहेरून वेढा इस्रायली सैन्याचा होता आणि रात्री आकाशात उजेडाचे गोळेही तेच सोडत होतं. त्या दिवसांतलं त्याला काही आठवत नाही, ते तो जुन्या सोबत्यांना विचारत फिरतो. सगळं ॲनिमेशन, शेवटी मात्र खरी चित्रफीत. नववीला तो शेवट नको, निवडक चौकटी पुरेत. आपल्याच माणसांना जाब विचारणारे हे दोघे, म्हणून जोडी जमते.

रास्तापेठकर
मी बेने इस्रायल, म्हणजे इथला मराठी ज्यू, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. मावशीची मुलं अश्दोदला आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ ला दिवसभर फोन लावत होतो. हमासने त्या दिवशी सुमारे १२०० माणसं मारली, संगीत महोत्सवात नाचायला गेलेली पोरंसुद्धा. नंतर गाझात हजारो मुलं गेली, तेही मला बघवत नाही. हंदाला असू दे भिंतीवर. पण इस्रायली म्हणजे फक्त बंदूक, असं मुलांच्या मनात बसू नये. इस्रायली संगीतकार डॅनियल बारेनबॉइम आणि पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९९९ मध्ये इस्रायली आणि अरब तरुण वादकांचा वाद्यवृंद उभा केला. २००५ मध्ये तो वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या रामल्लात वाजला. ती मैफल ऐकवा.

कोथरूड_डावा
मैफल संपल्यावर कोण कोणत्या लष्करी नाक्यावर अडतो, तेही दाखवा. ‘नो अदर लँड’ला २०२५ चं माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, दिग्दर्शक दोन पॅलेस्टिनी, दोन इस्रायली. त्यातला इस्रायली युवाल कुठेही मोकळा फिरतो, पॅलेस्टिनी बासेलला वेस्ट बँकेबाहेर पडता येत नाही. दोघांची मैत्री खरी आहे, म्हणूनच ते बोचतं.

चित्रकलाताई, पुणे
पहिल्या तासाला हंदाला आणि ‘बशीर’च्या चौकटी. दुसऱ्याला ‘नो अदर लँड’मधला युवाल-बासेलचा संवाद, मग रामल्लाची मैफल. त्या पालकांनाही बोलावते आहे. रास्तापेठकर, तुम्ही याल? बेने इस्रायल माणसाशी मुलं कधी बोललेली नाहीत.

रास्तापेठकर
येतो. शनिवार तेवढा नको, शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस असतो.