दहावीला कमी मार्क पडले, मग पुढे काय केलंत? अनुभव सांगा

भांडुपकरीण

घरात महिनाभर तोच विषय चाललाय म्हणून इथे विचारतेय. भाच्याला दहावीला ४६ टक्के. गणितात ३६, त्यातले १७ इंटर्नलचे, म्हणजे समजा काय ते. पोरगा मठ्ठ नाहीये हो, आमच्या मजल्यावरचे निम्मे पंखे त्याने खोलून कपॅसिटर बदलून परत लावलेत, पण पुस्तक उघडलं की झोप. त्याला इलेक्ट्रिशियन करायचंय. मागच्या वर्षीची जवळच्या सरकारी आयटीआयची कटऑफ काढली तर इलेक्ट्रिशियन, फिटर सगळं याच्या मार्कांच्या बरंच वर. म्हणजे कमी मार्कवाल्यांसाठी म्हणून जे दार सांगतात तिथेही मार्कांचीच रांग आहे, हे मला खरंच माहीत नव्हतं. अकरावीच्या ऑनलाइनमध्ये कॉमर्स कुठेतरी मिळेल, पण त्याचा त्याला उपयोग काय. आणि आमची आई, म्हणजे त्याची आजी, म्हणते आयटीआय म्हणजे पाना घेऊन फिरणार का.

तुमचं किंवा घरातल्या कुणाचं असं झालं असेल तर नक्की काय केलंत ते लिहा, चुकलं असेल तर तेही लिहा. एकच विनंती, कोण कोण नापास होऊन मोठं झालं त्या गोष्टी नकोत, त्या मामाने व्हॉट्सअॅपवर पाठवून झाल्यात.

फिटर_९१

ताई, मी १९९१ च्या दहावीचा. लालबागला चाळीत राहायचो, वडील गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर परत कामावर लागलेच नाहीत, त्यामुळे मला विचारायलाच कुणी आलं नाही की काय करायचंय. ४२ टक्के होते. फिटर मिळाला, महिना ४० रुपये विद्यावेतन. (ते ४० चे ५०० व्हायला २०२३ उजाडलं, हे ऐकून हसावं की रडावं कळेना.)

पहिले काही महिने फक्त फायलिंग, म्हणजे कानशीने घासणं. लोखंडाचा (एमएस) तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंजात पकडायचा, घासायचा, मग ट्राय स्क्वेअर (काटकोन बघायची पट्टी) लावून खिडकीकडे धरायचा. मध्ये फटीतून उजेड दिसला की आमचे सर काही बोलायचे नाहीत, नुसतं व्हाइसकडे बोट. परत घास. तळहाताला फोड, आई रात्री खोबरेल चोळायची. एक दिवस धरला आणि उजेड नाही आला, चारी बाजूंनी नाही. सरांनी तुकडा खिशात घातला आणि म्हणाले दुसरा घे. शाळेत दहा वर्षांत माझं काही बरोबर आलंय असं मला स्वतःला कधी दिसलं नव्हतं.

नंतरचं काही फार ग्लॅमरस नाही. अॅप्रेंटिस केली, कायम केलं नाही, तीन कंपन्या बदलल्या, दोन बंद पडल्या, आता लिफ्ट मेंटेनन्समध्ये सुपरवायझर आहे. घर डोंबिवलीला घेतलं. आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या मुलाला मी आयटीआयला नाही घातलं. का ते विचारू नका.

वायरवाली

मुलींचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ५१ टक्के होते मला. फॉर्म भरायला गेले तिथल्या बाई म्हणाल्या अगं सुइंग (शिवणकाम) घे, नाहीतर ब्यूटी पार्लरचं आहे, मुलींना बरं पडतं. मी म्हटलं वायरमन. त्यांनी माझ्या आईकडे बघितलं, माझ्याकडे नाही. आई म्हणाली ती म्हणते तेच लिहा. मुलींसाठी ३० टक्के जागा असतात त्यामुळे मला त्या मार्कांवर मिळालं, मुलग्यांची कटऑफ त्याच ट्रेडला बरंच वर थांबली होती. अख्ख्या बॅचमध्ये आम्ही दोघीच. बाथरूम दुसऱ्या बिल्डिंगमध्ये. दोन वर्षं पाणी कमी प्यायले, एवढंच सांगते.

आता रबाळेला पॅनल वायरिंग करते, म्हणजे कंट्रोलच्या पेट्यांतल्या वायरी. वायरीला नंबरचे फेरूल घालायचे, टोकाला लग क्रिम्प करायचे (दाबून बसवायचे), ड्रॉइंगप्रमाणे टर्मिनलला बसवायचं, हे काम मुली नीट करतात म्हणून मालक खूष असतो पण साइटवर कमिशनिंगला (पॅनल चालू करून द्यायला) मुलग्यांनाच पाठवतो आणि भत्ता तिकडेच आहे.

एसी_दादा

माझी चूक लिहितो. दहावीला ३५ टक्के असले की डिप्लोमाला पात्र असतो हे खरं आहे, पण जागा कुठे मिळते हा वेगळा विषय. बांद्र्याचं सरकारी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय आपल्यासाठी नसतं. मला लांबचं एक खासगी मिळालं, सकाळी सहाची कर्जत, बाबांनी एलआयसीवर कर्ज काढून फी भरली कारण शेजारी सांगायला डिप्लोमा बरा वाटतो ना. गणित मला दहावीत येत नव्हतं ते तिथे कुठून येणार. पहिल्या वर्षी चार केट्या (विषय राहिले), दुसऱ्या वर्षी वर्षच गेलं, तिसऱ्या वर्षी मी घरी न सांगता दादरला उतरून बसायचो. शेवटी बाबांना कळलं. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

मग आयटीआयला रेफ्रिजरेशन-एसी केलं, वयाने सगळ्यांपेक्षा मोठा. हेच आधी केलं असतं तर तीन वर्षं आणि ते कर्ज दोन्ही वाचलं असतं. आता मार्च ते जून मला श्वास घ्यायला वेळ नसतो, पावसाळ्यात मात्र फोन वाजत नाही, तेव्हाचे पैसे बाजूला ठेवायला लागतात, हे कुणी शिकवत नाही.

लोअरपरळ_लोकल

भांडुपकरीण, एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. मला ४७ होते, आयटीआय फिटरला ८१ आले, एकदम भारी वाटलं. रेल्वेच्या अॅप्रेंटिसची जाहिरात आली, वर्कशॉपसमोरच राहतो आम्ही, फॉर्म भरला, शंभर रुपये भरले, आणि मग मित्राने दाखवलं की दहावीला किमान ५० टक्के पाहिजेत. आणि मेरिटमध्ये पण दहावीचे मार्क धरतात. म्हणजे दोन वर्षं घासून आलो तरी ते ४७ माझ्याआधी तिथे जाऊन बसले होते. भाच्याला रेल्वेचं स्वप्न दाखवू नका, बाकी खासगीत मागणी आहे.

साधी_आई

आमचा मुलगा एलडी आहे, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, त्यातला डिस्कॅल्क्युलिया, आकडेच लागत नाहीत. सायन हॉस्पिटलच्या एलडी क्लिनिकचं सर्टिफिकेट घेतलं, तारखांसाठी किती खेटे घातले ते सोडा. त्यामुळे बोर्डात बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित आणि वर्क एक्स्पिरियन्स मिळालं आणि तो सुटला. आम्ही पेढे वाटले. आणि जूनमध्ये कळलं की खरी परीक्षा आता आहे. आयटीआयला वर्कशॉप कॅल्क्युलेशन, म्हणजे कामातलं गणित, प्रत्येक टेक्निकल ट्रेडला असतं, तिथे सवलत कशी आणि कुणाकडे मागायची हे कुणालाच सांगता येईना, प्रत्येक खिडकीवर पुढच्या खिडकीचं नाव. तो सध्या बेकरीत काम शिकतोय, ओळखीतून. वजनकाट्यावर मैदा मोजतो आणि चुकत नाही, गणितात नापास होणारं पोर. कागद मात्र कुठलाच मिळणार नाही याचा.

एमसीव्हीसीवाला

अकरावी-बारावीत एमसीव्हीसी, म्हणजे हाताचं काम शिकवणारी व्होकेशनल शाखा असायची, अजूनही नाव बदलून आहे काही ठिकाणी. मी इलेक्ट्रिकल केलं, बारावीपण झाली आणि हाताला कामपण. आमच्या कॉलेजात शेवटी सर तासिकेवर होते, मशीन झाकून ठेवलेली, आणि आमच्यानंतर दोन वर्षांनी बॅचच बंद. मुलं येत नाहीत म्हणाले. मुलांना कुणी सांगितलंच नाही तर येणार कुठून.

अजून एक, एक वर्षाचा ट्रेड (वेल्डर, प्लंबर, कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर) घेतला तर पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येत नाही, त्याला दोन वर्षांचा ट्रेड लागतो. आज पोरगं पुस्तक नको म्हणतंय पण वीस वर्षांचं झालं की डोकं बदलतं, माझं बदललं. आणि आयटीआय करता करता भाषेचे पेपर बोर्डाचे दिले तर बारावी समकक्ष होतं, ते विचारून घ्या.

भांडुपकरीण

सगळ्यांना उत्तरं देत बसले तर रात्र होईल. फिटरदादा, तुमचा उजेडाचा किस्सा भाच्याला वाचून दाखवला, तो म्हणाला तुकडा सरांनी परत दिला का? सांगा जमलं तर. वायरवाली, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

अपडेट असं की पहिल्या फेरीत वेल्डर लागलंय, मुलुंडला. विकल्पांत सातव्या नंबरवर होतं, पहिला विकल्प लागला असता तर घ्यावाच लागला असता, आता थांबता येतंय. एमसीव्हीसीवाल्यांचं वाचून वेल्डर खाली घेतलं, वायरमन वर घेतलं, कुर्ला, बोरिवली, ठाणे सगळी टाकली. अंबरनाथ टाकू की नको यावर काल भांडण झालं, भाऊ म्हणतो ट्रेन उलटी रिकामी असते, वहिनी म्हणते येताना काय. शेवटी टाकलंय. मेव्हण्याने खासगी डिप्लोमाचं माहितीपत्रक आणलं होतं, एसी दादांचा अनुभव दाखवला आणि ते परत बॅगेत गेलं.

दुसऱ्या फेरीची यादी गुरुवारी आहे. तोवर नॉन क्रीमी लेयरचा नवीन दाखला आणायचाय, सेतूत दोन चकरा झाल्या, उद्या तिसरी. सकाळी किती वाजता गेलं की टोकन मिळतं कुणाला माहितीय का?