कुंडीत रानातली विष्णुक्रांता लावायची आहे, सल्ला हवा

माळकरीण: सोलापूर, पश्चिमेची गच्ची, ऊन भरपूर. माळावर मुरमात निळ्या फुलांची विष्णुक्रांता जमिनीलगत पसरते, ती पसरट कुंडीत लावायची आहे. बी लावू की रोप? खर्च ३०० रुपयांच्या आत. औषधासाठी नाही, फुलांसाठीच हवी आहे.

अबोली७२: ब्लू डेझ घ्या, डोळे झाकून. नर्सरीत मिळते, विष्णुक्रांतेचीच शोभेची बहीण. कुंड्या आणि लोखंडी स्टँड धरून माझे बाराशे गेले, पण घरी येणारा प्रत्येकजण रोप कुठून आणलं विचारतो.

देशकर: ब्लू डेझ ब्राझीलकडची. ताईंना आपली माळावरची हवी आहे, शास्त्रीय नाव इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. हिचं फूल करंगळीच्या नखाहून लहान असतं, सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं. दिवसभर फुलं हवी असतील तर आत्ताच विचार करा.

सुमन_प: बी ऑनलाइन अजिबात मागवू नका! विष्णुक्रांतेला शंखपुष्पीही म्हणतात, म्हणून मी शंखपुष्पी म्हणून मागवलं आणि वर आला गोकर्णाचा वेल. विक्रेत्याने पैसेही परत केले नाहीत.

वैद्यबुवा: खरी शंखपुष्पी पांढऱ्या-गुलाबीसर फुलाची, कॉन्व्होल्व्ह्युलस प्रोस्ट्रॅटस. निळी ती नव्हे.

देशकर: केरळात दशपुष्पांत, म्हणजे तिथल्या दहा पवित्र औषधी वनस्पतींत, हीच निळी धरतात. आणि ताईंनी शंखपुष्पी मागितलेलीच नाही.

वैद्यबुवा: मग ओळख तरी नीट करून घ्या. भिंगातून पाहा. निळीत स्त्रीकेसराचे दोन दांडे, प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे. पांढरीत दांडा एकच, टोकाशी दुभागलेला.

मुरूमवाट: बीच लावा. बोंडं वाळून तपकिरी झाली की गोळा करायची. बियांचं कवच टणक, म्हणून पॉलिश पेपरवर हलकं घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. दोन भाग मुरूम, एक भाग माती. शेणखत नावापुरतं, नाहीतर नुसता पाला माजतो. रोप उपटून आणू नका, मूळ जाड आणि खोल असतं, तुटलं की झाड धरत नाही.

अबोली७२: शेणखत मी तर भरपूर घालते, ब्लू डेझला काही होत नाही.

गच्चीबाग_नाना: ठिबक बसवा टायमरसकट, अडीच हजारांत होतं. गावाला गेलं तरी काळजी नाही.

सुमन_प: उपटून आणू नका हे अगदी बरोबर. ऑनलाइन मात्र नकोच.

माळकरीण: सगळ्यांचे आभार. तरीही मी झाडंच आणणार आहे. भावाच्या प्लॉटवर पुढच्या आठवड्यात जेसीबी लागतोय, तिथे ती आत्ता फुलावर आहेत. बोंडं वाळेपर्यंत जागा राहणार नाही. ढेकळासकट काढते, जगली तर जगली.

मुरूमवाट: मग आदल्या संध्याकाळी जमीन भिजवा आणि पहारीने लांबून उकरा. ढेकूळ गोणपाटात बांधूनच हलवा. पसरट कुंडी विसरा, निदान दीड वीत खोल घ्या. सुरुवातीला सावलीत ठेवा. एखादं बोंड वाळलेलं सापडलं तर तेही खिशात टाका.

अबोली७२: कुंडी सिरॅमिकची घ्या.