प्रतिसाद: 1962 चे भाषण आणि न दिलेला खुलासा
1962 चे चीनबरोबरचे युद्ध चालू असताना पंतप्रधान नेहरूंच्या भाषणावर टीका करणे गैर होते, असे मत मांडले गेले आहे; ते मला मान्य नाही. 19 नोव्हेंबर 1962 रोजी आकाशवाणीवरून बोलताना नेहरूंनी आजच्या अरुणाचल प्रदेशातील वालाँग, से ला आणि बोमदिला ही ठाणी चिन्यांच्या हाती गेल्याचे लपवले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. परंतु आसामच्या जनतेला सहानुभूती कळवताना, पुरेसे गरम कपडे आणि आधुनिक रायफली नसलेल्या जवानांना त्या उंचीवर कोणाच्या निर्णयाने पाठवले, याचा खुलासा त्यांनी केला नाही. तिकडे आसाममधल्या तेजपूरमधून प्रशासनच निघून गेले आणि बँकेतल्या नोटा जाळण्यात आल्या. इथे पुण्यात माझ्या आजीने हातातल्या पाटल्या उतरवून संरक्षण निधीला दिल्या होत्या. अशा नागरिकांनी जाब विचारू नये, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? वाजपेयींसारख्या विरोधकांच्या मागणीनंतर संसदेचे अधिवेशन मुदतीआधीच, 8 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन युद्धात भरले आणि तिथे सरकारवर कडक टीका झाली, तेव्हा देशाचे मनोधैर्य खचले नाही. या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन-ब्रूक्स अहवाल मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. तो आता तरी पूर्णपणे खुला करावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.