प्रोबायोटिक खाद्यातून द्यायचं तर हिशेब आधी

रोहूच्या पंखांच्या मुळाशी लाल चट्टे दिसले, म्हणून तळ्यात प्रोबायोटिक (उपकारी जिवाणू) ओतलं आणि फरक पडला नाही, अशी एका मत्स्यपालकाची तक्रार आहे. पडणारही नाही. ही लक्षणं बहुधा एरोमोनास या रोगकारक जिवाणूची. आजारी मासा खाणं सोडतो, मग उपकारी जिवाणू आतड्यात पोहोचणार कसे? हा उपाय चट्टे दिसायच्या आधीचा.

खाद्यात बॅसिलस सबटिलिस हा उपकारी जिवाणू घ्या. त्याचे बीजाणू कोरड्या भुकटीत टिकतात, लॅक्टोबॅसिलस हा दुसरा उपकारी जिवाणू उष्णतेने लवकर मरतो. ग्रॅम खाद्याला एक कोटी जिवाणू धरले, तर किलोला 1000 कोटी. पाकिटावर ग्रॅमला 100 कोटी असेल तर किलोला 10 ग्रॅम भुकटी. ती 50 मिली पाण्यात कालवून (नळाचं नको, क्लोरीन असतं) खाद्याच्या गोळ्यांवर शिंपडा, सावलीत वाळवा, वरून 10-20 मिली खाद्यतेल चोळा. तेल नसेल तर बराच माल पाण्यातच सुटतो. त्याच दिवशी संपवा.

सोबत प्रतिजैविक दिलं की सगळं फुकट. तळ्यात ब्लीचिंग किंवा पोटॅशियम परमँगनेट टाकलं असेल तर त्याचा अंश उतरेपर्यंत पाण्यात प्रोबायोटिक सोडू नका. गुळात आंबवलेलं ढगाळ दिवशी तर नकोच, पहाटे ऑक्सिजन घसरून मासे वर तोंड काढतात.

आणि प्रयोगशाळेतल्या बशीत केलेल्या चाचणीवर भुलू नका. स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स या जिवाणूच्या एएच2 वाणाने ट्राउट माशाला व्हिब्रिओ या रोगकारक जिवाणूपासून वाचवलं. एरोमोनास साल्मोनिसिडालाही त्याने बशीत रोखलं, पण सॅल्मन माशात त्याच जिवाणूच्या रोगापुढे हात टेकले.