सहावीच्या गणितातून दशांश आणि शेकडेवारी गेली कुठे?

सहावीची आई

यंदा मुलीला राज्य मंडळातून सीबीएसईच्या शाळेत घातलं, इयत्ता सहावी. एनसीईआरटीचं 'गणित प्रकाश' हातात आलं आणि मी चक्रावलेच. सगळी मिळून १० प्रकरणं. पहिलं आकृतिबंधांवर, तिसरं नुसत्या संख्यांच्या गमतीजमतींवर. दशांश अपूर्णांक नाहीत, समीकरणं नाहीत, गुणोत्तर-प्रमाण नाही, शेकडेवारी नाही. माझ्या जावेचा मुलगाही सहावीतच, पण बालभारतीवाला. तो नफा-तोटा संपवून सरळव्याजाला लागलाय. 'सीबीएसईचं गणित फार पुढचं असतं म्हणे' असं जाऊबाई येता-जाता ऐकवतात. शाळेत विचारलं तर 'नवीन धोरण आहे' एवढंच उत्तर मिळालं.

हा अभ्यासक्रम रचलाय तरी कसा? दिवाळीच्या सुट्टीत दशांश आणि शेकडेवारी घरीच उरकून घेऊ का?

फळा-खडू

ताई, दोन्ही जागेवर आहेत. दशांश सातवीत येतील, शेकडेवारी आठवीत. मी आधी राज्य मंडळाच्या आणि आता सीबीएसईच्या वर्गांना शिकवतो, आणि दरवर्षी जूनमध्ये पालक हाच प्रश्न घेऊन येतात.

तुम्ही एका इयत्तेचं पुस्तक बघताय, पण आखणी टप्प्यांची आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातलं ५+३+३+४, म्हणजे शाळेच्या वर्षांची चार टप्प्यांत वाटणी, ऐकलं असेल. त्यातला सहावी ते आठवी हा एक सलग टप्पा. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात गणिताची ध्येयं आणि क्षमता टप्प्याच्या हिशेबाने लिहिल्यात. म्हणजे आठवी संपेपर्यंत मुलाला काय यायला हवं ते आधी ठरलं आणि मग ते तीन वर्षांच्या पुस्तकांत वाटलं गेलं. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात मात्र १८ प्रकरणं आहेत आणि जवळपास प्रत्येक विषयाचा थोडा-थोडा वाटा त्याच वर्षी मिळतो.

अपूर्णांकांचा धागा धरून बघा. सहावीत १/४ + १/३ करायचं तर दोघांनाही बाराव्या हिश्शात मोजा: ३/१२ + ४/१२ = ७/१२. ही ब्रह्मगुप्ताची रीत म्हणून पुस्तकात दिली आहे. गुणाकार-भागाकार मुद्दाम ठेवलाय सातवीला, दशांशही तिथेच. त्यावर आठवीत गुणोत्तर-प्रमाण आणि मग शेकडेवारी. तिथे पोचेपर्यंत शेकडा १८ म्हणजे १८/१०० हे पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. बीजगणिताचंही तसंच. संख्येऐवजी अक्षरं सातवीच्या पुस्तकाच्या पहिल्या भागात, समीकरण सोडवणं दुसऱ्या भागात.

आणि त्या गमतीजमतींना हसू नका! तिसऱ्या प्रकरणात कापरेकरांचा ६१७४ आहे. आपल्या देवळालीचे शाळामास्तर. मुलीला ३५२४ घ्यायला सांगा. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या, चढत्या क्रमाने लहान, आणि वजाबाकी:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, शेवटी इथेच येते. हातच्याच्या तीन खणखणीत वजाबाक्या झाल्या आणि पोरगी आपणहून पुढची संख्या निवडते. वजाबाकीची दहा गणितं फळ्यावर लिहिली की हाच वर्ग जांभया देतो.

बँकेतला माणूस

सर, रचना छान असेल, पण बालभारतीत सरळव्याज सहावीत आहे ते उगाच नाही. आमच्या शाखेत आठवी-नववीत शाळा सुटलेली माणसं कर्जाच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करतात, पण शेकडा १२ म्हणजे वर्षाला किती ते विचारतात आम्हालाच. शेकडेवारी आठवीच्या दुसऱ्या भागात ठेवली आणि वर्षअखेरीस तो भाग घाईत गुंडाळला, तर? आधी देऊन ठेवलेलं बरं.

फळा-खडू

घाईत गुंडाळला जातो हे मी स्वतः बघतोय, त्यामुळे त्यावर वाद नाही. टप्प्याची आखणी तीनही वर्षं नीट पार पडली तरच उपयोगाची. पण सहावीत घाईने शिकवलेल्या सरळव्याजातून पोरांच्या हाती म × द × क भागिले १०० (मुद्दल, दर, काळ) एवढंच उरतं. 'द' म्हणजे काय विचारा, निम्मा वर्ग खाली बघतो.

दहावीचा बाप

थोडं पुढचं सांगतो, कारण आमच्या घरात मोठी सीबीएसईची, धाकटा राज्य मंडळाचा. राज्य मंडळात दहावीला गणिताचे दोन पेपर, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, ४०-४० गुणांचे, वर २० अंतर्गत. सीबीएसईला ८० चा एकच पेपर. त्यात बीजगणित २०, भूमिती १५, त्रिकोणमिती १२ अशी घटकवार वाटणी आधीच जाहीर असते. शिवाय २०१९-२० पासून बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पर्याय. पुस्तक एकच, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. भौमितिक रचना सीबीएसईच्या दहावीतून काढल्या. आमचा धाकटा मात्र अजून वर्तुळाच्या स्पर्शिका काढत बसतो, आणि त्याच्या पुस्तकात जीएसटी, शेअर्सचं अर्थनियोजनही आहे, जे मोठीला नव्हतंच.

सहावीची आई

६१७४ करून बघितलं. आता जेवायला चला म्हटलं तरी उठत नाहीये! म्हणजे घरी शेकडेवारी नको, बरोबर? पण सरावाचं काय? पुस्तकातल्या 'फिगर इट आउट' या सरावप्रश्नांत गणितं फारच थोडी वाटतात.

फळा-खडू

थोडीच आहेत, ती या पुस्तकाची खरी उणीव. शेकडेवारी राहू द्या. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकातले अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीचे आणि विभाज्यतेचे सरावसंच घ्या, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते. त्याच प्रकरणातला अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार सोडून द्या. मसावि-लसावि 'प्राइम टाइम' प्रकरणातला इडली-वड्याचा खेळ झाल्यावर. तीनच्या पटीला इडली, पाचच्या पटीला वडा, दोन्हींच्या पटीला इडली-वडा. पहिला इडली-वडा १५ ला का येतो हे तिने सांगितलं की लसाविचा सरावसंच काढा.

जाऊबाईंच्या मुलालाही खेळायला बसवा.