रबराच्या झाडात चिकाच्या नळ्या कोणते जीन बनवतात? (सेमिनार आहे, वाचवा)

पोहे_जलेबी_इंदूर
नमस्कार मंडळी, मी इथे इंदूरला एमएससी बॉटनी करतेय, पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि टॉपिक मिळालाय रबराच्या झाडातल्या चिकाच्या टिश्यूचे जीन. घरी आजीला सांगितलं चिकावर बोलायचंय तर म्हणे मग खरवस कर की 😅 असो. जिथे बघावं तिथे आरईएफ, एसआरपीपी, एचआरटी हीच नावं येताहेत, तर नळ्या बनवणारे जीन हेच ना? आणि गॅलरीत रबर प्लांट आहे त्याचं पान तोडून वर्गात चीक दाखवला तर चालेल का?

रामबागचा_भिया
गॅलरीतलं ते फायकस, म्हणजे वडाचं भाऊबंद. टॉपिकमधलं झाड हेविया, ते एरंडाच्या कुळातलं. सर पहिला प्रश्न हाच विचारतील बघ.

साल_आणि_गाभा
नाही गं, ते तिन्ही रबर तयार करण्याच्या कामातले. सराफ्यात दुकान बांधतो गवंडी आणि जलेबी तळतो हलवाई, तू हलवायांची यादी घेऊन बसलीयेस. आणि सगळीकडे तीच नावं का येतात तेही ऐक. सालीला चीर दिली की जो चीक वाहतो तो त्या नळीच्या पेशींचा आतला रसच असतो, त्यात आरएनए (म्हणजे चालू असलेल्या जीनची नक्कल) भरपूर मिळतो म्हणून लोक तोच तपासतात, पण तो आधीच तयार झालेल्या नळीतून आलेला, नळी बनताना काय चाललं होतं ते त्यात कुठून दिसणार. नळ्या बनतात कॅम्बियममध्ये, म्हणजे लाकूड आणि साल यांच्या मधल्या पातळ थरात. तिथून सालीकडे ज्या पेशी सुटतात त्यातल्या काही चिकाच्या होतात, मग एकीला लागून असलेल्या पेशींच्या मधल्या भिंती विरघळतात आणि सालीत जाळीसारखं कडं तयार होतं, अशी कड्यांमागून कडी. किती कडी ते क्लोनप्रमाणे, म्हणजे कलम करून वाढवलेल्या वाणाप्रमाणे बदलतं, म्हणून ब्रीडिंगवाल्यांना त्यात एवढा इंटरेस्ट.

आता गवंडी. जखम झाली की झाडात जास्मोनेट नावाचं हार्मोन वाढतं, आणि २००० साली चिनी संशोधकांनी दाखवलं की जास्मोनिक अ‍ॅसिड बाहेरून कोवळ्या फांदीला लावलं तरी नवीन नळ्या तयार होतात. म्हणून तू सीओआय१, जेएझेड आणि एमवायसी२ ही जीनची साखळी धर. जेएझेड हा ब्रेक, जास्मोनेट आलं की सीओआय१ त्याला मोडीत काढायला पाठवतो आणि एमवायसी२ मोकळा होऊन पुढचे जीन चालू करतो. अराबिडॉप्सिसमध्ये (जीनचं काम शोधायला लॅबमध्ये नेहमी वापरतात ते छोटं रोप) चिकाच्या नळ्याच नाहीत त्यामुळे नेहमीचा शॉर्टकट इथे चालत नाही, हे एक वाक्य स्लाइडवर टाकच.

नीमचवाली
आमच्याकडे अफूच्या बोंडाला चीरा लावतात ते लहानपणापासून बघतेय, तिथेही पेशी जोडूनच नळ्या बनतात म्हणे. वड-फायकसचं मात्र वेगळं, तिथे एकच पेशी लांबत आणि फाटे फोडत जाते. म्हणजे गॅलरीतलं पान दाखवलंस तर नळीचा प्रकारच चुकेल.

कोट्टायम_रिटर्न
मी केरळात ४ वर्षं होतो म्हणून थोडं. खोडाचा घेर साधारण ५० सेंमी झाल्यावरच चीर देतात, त्याला सहा-सात वर्षं जातात, आणि चीर कॅम्बियमपर्यंत न्यायची नाही, तिथे सुरी लागली की साल गाठाळ होते. वरच्या भाऊंनी कॅम्बियम सांगितलं त्याचं मला आत्ता कळलं 😀 इथेफॉन (इथिलीन सोडणारं औषध) लावतात ते चीक जास्त वेळ वाहावा म्हणून, ते जास्मोनेटमध्ये मिसळू नकोस.

पोहे_जलेबी_इंदूर
बाप रे, मी अख्खी स्लाइड हलवायांची केली होती 🙈 बदलते. मग वर्गात दाखवू काय, अफू तर नेता येणार नाही.

साल_आणि_गाभा
कच्ची पपई ने. तिच्याही नळ्या हेवियासारख्या पेशी जोडून जाळी झालेल्या असतात. फक्त हातमोजे घाल, तो चीक हाताला लागला की खाज सुटते.